जबड्यातली गाठ कॅन्सरची नाही, मग हाड का कापायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाचा २४ वर्षांचा, चोपडा तालुक्यात केळीच्या बागेत कामाला. वर्ष-दीड वर्षापासून डाव्या बाजूला कानाखाली जबडा फुगत गेला, दुखणं काहीच नाही. तालुक्याला दाढ काढली, गोळ्या झाल्या, सूज तशीच राहिली. मग ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्सरे काढला, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आला, ‘कन्व्हेन्शनल अमेलोब्लास्टोमा, फॉलिक्युलर पॅटर्न’. एक डॉक्टर म्हणतात, आतून खरवडून काढू, चार दिवसांत घरी. दुसरे म्हणतात, जबड्याचा तेवढा भाग कापून तिथे पायातलं हाड बसवावं लागेल. घरचे विचारतात, कॅन्सर नाही तर एवढं मोठं ऑपरेशन कशासाठी? तंबाखूमुळे झालं का? आणि माघात लग्न ठरलंय, ते उरकून मग केलं तर?

भाऊ, सगळ्यात आधी घरच्यांना सांगा की अमेलोब्लास्टोमा ही दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी गाठ आहे, हा कॅन्सर नाही. याला केमो लागत नाही, शेक द्यावे लागत नाहीत. पण ‘कॅन्सर नाही’ म्हणजे ‘साधी गाठ आहे’ असा अर्थ आपल्याकडे लगेच लावला जातो आणि अमेलोब्लास्टोमाच्या पेशंटचं खरं नुकसान तिथे होतं. दोन डॉक्टरांपैकी मी दुसऱ्यांच्या बाजूचा आहे. का, ते नीट सांगतो. कारण समजल्याशिवाय एवढ्या ऑपरेशनला कोणी मनापासून तयार होत नाही, आणि होऊही नये.

बाळ आईच्या पोटात सहा आठवड्यांचं असतं, तेव्हा पुढे जिथे हिरडी होणार त्या जागी वरच्या आवरणातल्या पेशींची एक पट्टी आत शिरते. तिच्यावर एकेका दाताचा कोंब धरतो. त्यातल्या काही पेशी इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण घडवतात, आतल्या गरातून त्याखालचं डेंटिन आणि नस तयार होते, भोवतीच्या पिशवीतून मुळावरचं सिमेंटम येतं. दात उगवून वर येईपर्यंत इनॅमलवाल्या पेशींचं काम संपतं आणि बहुतेक नाहीशा होतात. तरी त्यांचे बारीक पुंजके हिरडीत, मुळांभोवती, हाडात मागे राहतात. तुमच्या जबड्यात आहेत, माझ्याही आहेत. जन्मभर ते काही करत नाहीत. क्वचित एखाद्याच्या पुंजक्यात जनुकाचा बिघाड होतो आणि पेशी पुन्हा वाढायला लागतात. २०१४ मध्ये संशोधकांना आढळलं की खालच्या जबड्यातल्या बहुतांश अमेलोब्लास्टोमांत बीआरएएफ नावाच्या एका जनुकात एकच ठरावीक बदल असतो. हा बदल त्या गाठीपुरता असतो. तो आईबापाकडून आलेला नसतो आणि पुढे मुलाबाळांत जात नाही.

म्हणून तंबाखूचं उत्तर इथेच देतो. या गाठीशी तंबाखू, गुटखा, मिसरी यांचा संबंध नाही. कधी व्यसन न शिवलेल्या मुलींना ही गाठ होते आणि लोक त्यांच्याकडे संशयाने पाहतात, ते मला फार लागतं. भाचा तंबाखू खात असेल तर ती आजच बंद करा, पण कारण वेगळं: जोडलेल्या हाडाची रक्तवाहिनी आणि टाके टिकायला तंबाखू फार वाईट.

ही गाठ किती दुर्मिळ? जगभरचा अंदाज पाहिला तर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण एक नवा पेशंट. २०११ च्या जनगणनेत जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून ७९ लाख लोकसंख्या होती. म्हणजे अख्ख्या खानदेशात वर्षाला सात-आठ. तालुक्याच्या दातांच्या डॉक्टरांना सगळ्या प्रॅक्टिसमध्ये एखादीच दिसेल, तीही त्यांनी ओळखली तर. त्यामुळे आधी दाढ काढली गेली याबद्दल त्यांच्यावर राग धरू नका. सूज असली की आधी दाढेचाच संशय येतो, आणि दहातल्या नऊ जणांना खरंच दाढेचाच त्रास असतो. वेगळेपण असतं ते दुखण्यात. दाढेच्या गळवाने माणूस रात्रभर झोपत नाही. या गाठीचे पेशंट येतात आणि सांगतात, ‘‘गाल फुगेल शे, पन दुखत नई.’’ हे वाक्य ऐकलं की मी तोंडात बघायच्या आधी ओपीजी सांगतो. न दुखणारी, हाडासारखी कडक, महिन्यामहिन्याने वाढणारी सूज असेल तर दाढ काढण्याआधी ओपीजी झालाच पाहिजे. त्याला खर्च फार नाही आणि तो आता तालुक्यातही निघतो.

आता खरवडण्याबद्दल. अमेलोब्लास्टोमाला धड आवरण नसतं. हाडाच्या आत स्पंजासारखी जाळी असते, तिच्या पोकळ्यांतून या पेशी पुढे सरकत राहतात. एक्सरेवर काळा डाग दिसतो तो तिथलं बरंचसं हाड खाल्लं गेल्यावर. त्याच्या पुढे हाड चांगलं दिसतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तिथेही पेशी सापडतात, डागाच्या कडेपासून २ ते ८ मिलिमीटर लांबपर्यंत. तुम्ही शेतकरी आहात, हरळी वरून खुरपली तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. काश्या खाली राहतात आणि पुढच्या पावसात बांध हिरवा. खरवडल्यावर पोकळी स्वच्छ दिसते, जखम भरते, सूज उतरते, पेशंट खूश होतो. आणि निम्म्याहून जास्त जणांत गाठ परत येते. बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत, पण दहा-बारा वर्षांनी परत आलेलीही असते.

परत आलेली गाठ पहिल्यासारखी नसते. पहिल्या वेळी ती हाडाच्या आत कोंडलेली होती. आता हाड पातळ झालेलं, कुठे फुटलेलं. तिथून पेशी चावण्याच्या स्नायूत शिरतात, आणि स्नायूतली गाठ शोधून काढणं हाडातल्या गाठीपेक्षा कितीतरी अवघड. वरच्या जबड्यात तर मी खरवडण्याचं नावही घेऊ देत नाही. तिथलं हाड कागदासारखं, वर डोळा, मागे कवटीचा तळ. सुदैवाने यातल्या सुमारे ८० टक्के गाठी खालच्या जबड्यातच, तेही बहुधा मागच्या दाढा आणि अक्कलदाढेच्या भागात होतात. भाच्याचीही तिथेच दिसते.

म्हणून डागाच्या कडेपलीकडे एक ते दोन सेंटीमीटर चांगलं हाड धरून कापायचं, असा सर्जनचा नियम आहे. ते पेशंटला क्रूर वाटतं, पण गाठ जिथे संपते तिथेच कापण्यासाठी हाच मार्ग आहे. जबड्याची खालची कड निदान सेंटीमीटरभर जाडीची आणि निरोगी असेल तर ती राखून वरचा भाग काढता येतो. तेव्हा चेहऱ्याचा आकार टिकतो आणि पायाचं हाडही लागत नाही. भाच्याच्या रिपोर्टात खालची कड पातळ झाल्याचं लिहिलं असेल तर ही सोय बहुधा राहिलेली नाही. त्याचा निर्णय सीटी स्कॅनवर होतो. ओपीजी सपाट चित्र आहे, गाठ जिभेच्या बाजूला हाड फोडून गेली आहे का ते त्यात कळत नाही. सीटी झाला नसेल तर आधी तो करा. रिपोर्टातला ‘फॉलिक्युलर’ शब्द पाहून घाबरू नका. पेशींची ती रचना आहे, तिच्यामुळे ऑपरेशन बदलत नाही.

खरवडणं सुचवणारे डॉक्टर चुकीच्या हेतूने बोलत आहेत असं मी मानत नाही. या गाठीचा एक प्रकार आहे, युनिसिस्टिक. त्यात पाण्याची एकच पिशवी असते आणि गाठीच्या पेशी तिच्या भिंतीच्या आतल्या अंगालाच अस्तरासारख्या असतात. हा प्रकार बहुधा कमी वयात, न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती दिसतो आणि एक्सरेवर साध्या सिस्टसारखाच, म्हणजे पाण्याच्या पिशवीसारखाच वाटतो. तिथे पिशवी पूर्ण सोलून काढणं अनेकदा पुरतं. लहान मुलांत तर आधी पिशवीला तोंड करून ती आकसू देतात, म्हणजे वाढता जबडा वाचतो. पण त्याच प्रकारात पेशी भिंतीच्या आत शिरलेल्या असल्या तर ती गाठ कन्व्हेन्शनलसारखीच वागते. भाच्याच्या रिपोर्टात युनिसिस्टिक नाही, कन्व्हेन्शनल, म्हणजे हाडात पसरणारा नेहमीचा प्रकार लिहिलं आहे. शंकाच असेल तर त्या काचा, म्हणजे स्लाइड, तोंडाच्या आजारांच्या पॅथॉलॉजिस्टला दुसऱ्यांदा दाखवा. ऑपरेशनआधी दुसरं मत घेण्यात कुणाचा अपमान नाही.

हे इतक्या तपशिलाने सांगतो, कारण दाताच्या पेशींपासून होणाऱ्या सगळ्या गाठी एकसारख्या नाहीत. एका गाठीला जे ऑपरेशन अपुरं, ते दुसरीला नको इतकं मोठं. गाठीचं नाव कळल्याशिवाय तिला हात लावू नये, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवसापासून सांगतो.

उदाहरण घ्या अ‍ॅडिनोमॅटॉइड ओडोंटोजेनिक ट्यूमरचं. नाव मोठं, गाठ गरीब. दोन-तृतीयांश पेशंट मुली, बहुतेक वय दहा ते वीस, जागा वरच्या सुळ्याजवळ, आणि त्यात न उगवलेला सुळा अडकलेला. नाकाच्या बाजूला गाल थोडा वर येतो, आणि घरात पहिली चिंता लग्नाची. मग कुणाला न सांगता लेप, डागणी, देवाचं, आणि वर्षभराने दवाखाना. या गाठीला जाड आवरण असतं, ती अंड्यातल्या बलकासारखी अख्खी निघते, काप तोंडाच्या आतून घेतात त्यामुळे चेहऱ्यावर खूण राहत नाही, आणि ती जवळजवळ कधीच परत येत नाही. अशा मुलीचा जबडा कुणी ‘गाठ आहे’ म्हणून कापायला निघाला तर तो अन्याय होईल. तसाच अन्याय भाच्याचं हाड नुसतं खरवडण्यात आहे.

ओडोंटोमा तर धड गाठही नाही, दात घडताना झालेली गडबड आहे. आत खरं इनॅमल, खरं डेंटिन. समोरच्या भागात बारीक बारीक दात, मागच्या भागात नुसता कठीण गोळा. २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातल्या १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून २३२ दातांसारखे तुकडे काढले होते, ती बातमी तुम्ही वाचली असेल. ते हेच. काढलं की काम संपलं. दुधाचा दात पडून वर्ष झालं तरी पक्का दात येत नसेल तर मुलांचा एक्सरे काढायला मी सांगतो, त्याचं एक कारण हे आहे.

सिमेंटोब्लास्टोमा दाढेच्या मुळालाच चिकटलेला कठीण गोळा असतो. तो मात्र दुखतो. दाढेसकट काढतात. मिक्सोमा उलट, आत चिकट पांढुरकी जेली, आवरण नाही, हाडात पसरण्याची सवय अमेलोब्लास्टोमासारखीच, म्हणून त्यालाही मोठ्या गाठीत हाड कापणंच बरं. आणि एक फार दुर्मिळ गाठ आहे, तिला पिंडबोर्ग ट्यूमर म्हणतात. पिंडबोर्ग या डॅनिश शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये तिचं वर्णन केलं. याच माणसाने सुपारीमुळे तोंड आखडून उघडेनासं होतं त्या आजारावर भारतात मोठं काम केलं. आपल्या भागात तो आजार घरोघरी, ही गाठ मात्र हाताच्या बोटांवर.

एक सूचना माझ्या तालुक्यातल्या डॉक्टर मित्रांसाठीही. एक्सरेवर काळा डाग दिसला तर उघडण्याआधी सुई घालून ओढून पाहा. पिवळसर पाणी आलं तर सिस्ट किंवा युनिसिस्टिक. काही आलंच नाही तर भरीव गाठ. आणि सिरिंज ताज्या रक्ताने आपोआप भरायला लागली तर तिथेच थांबा, ती दाढ काढू नका, पेशंटला मोठ्या रुग्णालयात पाठवा. हाडात रक्तवाहिन्यांची गुंतागुंत असेल तर दाढ काढताना माणूस खुर्चीत दगावू शकतो.

आता भाच्याच्या ऑपरेशनचं. जबड्याचा कापलेला भाग पाच-सहा सेंटीमीटरपर्यंत असेल आणि तोंडाच्या आतलं आवरण नीट शिवता आलं, तर कमरेच्या हाडाचा तुकडा बसवून चालतं. त्याहून मोठा असेल तर पोटरीच्या बाहेरच्या अंगाचं बारीक हाड, फिब्युला. ते त्याच्या रक्तवाहिनीसकट काढतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून धातूच्या प्लेटवर बसवतात आणि मानेतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. १९८९ पासून जबड्यासाठी ही पद्धत वापरात आहे. शरीराचा भार मुख्यतः नडगीचं हाड उचलतं, आणि गुडघ्याजवळ व घोट्याजवळ फिब्युलाचा काही भाग मुद्दाम ठेवतात, म्हणून माणूस पुन्हा नीट चालतो. केळीचे घड उचलायला मात्र काही महिने थांबावं लागेल, ते मालकाला आधी सांगा.

ऑपरेशन आठ-दहा तास चालतं, दोन टीम एकाच वेळी काम करतात. पहिले दोन-तीन दिवस दर तासाला नर्स तो भाग बघते, कारण रक्तवाहिनी बंद पडली तर लगेच परत उघडावं लागतं. आठवडाभर खाणं नाकातल्या नळीतून. सहा-आठ महिन्यांनी त्या हाडात इम्प्लांट लावून दात बसवता येतात. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती नंतर कळली की पेशंट खचतो: खालच्या ओठाची संवेदना देणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते. हाडाबरोबर ती जाते. डावीकडचा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहील, जेवताना शीत चिकटलेलं कळणार नाही. ओठ हलेल, पण तिथे स्पर्श कळणार नाही. काही ठिकाणी नसेचा तुकडा जोडतात, ते शक्य आहे का हे विचारा.

हाड न बसवता नुसती प्लेट लावून घरी पाठवणं स्वस्त पडतं, पण तरुण मुलात मला ते पटत नाही. वर्षानुवर्षं चावून चावून प्लेट सैल होते किंवा तुटते, आणि त्याच्यापुढे चाळीस-पन्नास वर्षं आहेत.

जिथे अशी टीम रोजच्या रोज काम करते तिथेच जा. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई, कुठेही. मुंबईला टाटाला पाठवलं तर काही कुटुंबं घाबरतात, ‘म्हणजे कॅन्सरच आहे’. तसं नाही. कॅन्सर रुग्णालयातले सर्जन हे ऑपरेशन सतत करतात, एवढंच त्याचं कारण. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का, कोणत्या पॅकेजमध्ये, प्लेटचा खर्च धरला आहे का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राकडून विचारून घ्या. घर, बैल विकून ऑपरेशन करायची वेळ कोणावर येऊ नये.

लग्नाचं. ही गाठ संथ वाढते, दोन-तीन महिन्यांनी गणित बदलत नाही, हे खरं. पण ‘लग्न उरकून येतो’ म्हणणारा पेशंट लग्नानंतर येत नाही. केळीची कापणी, मग कर्ज, मग पाळणा. तो दोन-तीन वर्षांनी येतो, आणि ज्याचं काम कमरेच्या हाडावर भागलं असतं त्याला पायाचं हाड लागतं. माझं मत आहे की ऑपरेशन आधी करा, लग्न वैशाखात करा. तोवर सूज उतरलेली असेल, तोंड नीट उघडत असेल. आणि मुलीकडच्यांना सगळं सांगा. आजार पुढच्या पिढीत जात नाही, संसाराला त्याची काही बाधा नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवा. हवं तर त्यांना सोबत घेऊन या, मी समजावेन.

ऑपरेशननंतर पहिली पाच वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणी आणि सांगतील तेव्हा एक्सरे, पुढे दरवर्षी एकदा, किमान दहा वर्षं. फार क्वचित ही गाठ वर्षांनंतर फुप्फुसात सापडते किंवा खरंच कॅन्सरसारखी बदलते, आणि ती बहुधा वारंवार परत आलेली, पुन्हा पुन्हा खरवडलेली गाठ असते. म्हणून बरं वाटतंय म्हणून तपासणी सोडायची नाही. ओठाचा बधिरपणा ऑपरेशनआधीच सुरू झाला, किंवा सूज अचानक वेगाने वाढली, तर लग्न-बिग्न बाजूला ठेवून त्याच आठवड्यात दाखवा.

या आठवड्यात एवढं करा: आतापर्यंतचे सगळे ओपीजी, रिपोर्ट, आणि तुकडा तपासलेल्या लॅबमधून स्लाइड व तो तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या. लॅब तो देते. सीटीची सीडीही घ्या, नुसती फिल्म नको, कारण प्लेट जबड्याच्या मापाने आधीच वळवून ठेवायची असेल तर सर्जनला सीडीतली माहिती लागते.